एका ठिपक्यासाठी वीस हजार गणितं

तळेऱ्यात मुंबई-गोवा महामार्गाला दोन रस्ते येऊन मिळतात. एक विजयदुर्गाचा, दुसरा वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावडा-कोल्हापूरला जाणारा. अंतरं मोजायला याहून चांगली जागा कुठली? तेव्हा इथेच उभं राहून एक माप धरू: 2 किलोबाइट मेमरी म्हणजे 1 मिलिमीटर.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने जुलै 1983 मध्ये फॅमिकॉम नावाचं खेळयंत्र बाजारात आणलं. त्याची मुख्य मेमरी 2 किलोबाइट होती, म्हणजे आपल्या मापाने ते 1 मिलिमीटर. त्याआधीच्या, 1977 सालच्या अटारी 2600 मध्ये फक्त 128 बाइट होते. ते माणसाच्या केसाच्या जाडीएवढं. आता तळेऱ्याच्या स्टँडवरून कणकवलीच्या दिशेने चालायला लागू. 1994 साली सोनीचं पहिलं प्लेस्टेशन आलं, 2 मेगाबाइट मेमरीचं. ते 1 मीटरवर, एका ढांगेत. 2000 सालचं प्लेस्टेशन 2, 32 मेगाबाइट: सोळा मीटरांवर. 2006 चं प्लेस्टेशन 3, 256 मेगाबाइटचे दोन कप्पे मिळून 512: 262 मीटर. 2013 चं प्लेस्टेशन 4, 8 गिगाबाइट: एकदम 4.2 किलोमीटर. आणि नोव्हेंबर 2020 मध्ये आलेलं प्लेस्टेशन 5, 16 गिगाबाइट: 8.4 किलोमीटर. एका मिलिमीटरपासून निघालेला माणूस तिथवर पोचायला पावणेदोन तास चालत राहील. गुणाकार नेमका सांगायचा तर 83 लाख 88 हजार 608 पट.

या चालण्यातला ताल बघण्यासारखा आहे. सोनीच्या पहिल्या यंत्राकडून दुसऱ्याकडे जाताना मेमरी 16 पट झाली. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे पुन्हा 16 पट. तिसऱ्याकडून चौथ्याकडे पुन्हा 16 पट. आणि चौथ्याकडून पाचव्याकडे? फक्त 2 पट. मला या सगळ्या आकड्यांत हा शेवटचा 2 सर्वांत बोलका वाटतो. मेमरीचे भाव पूर्वी जसे कोसळत तसे आता कोसळत नाहीत. म्हणून अभियंत्यांनी जोर दुसरीकडे लावला, साठवणीच्या वेगावर. प्लेस्टेशन 4 च्या फिरत्या डिस्कवरून 1 गिगाबाइट माहिती मेमरीत यायला सुमारे 20 सेकंद लागत. प्लेस्टेशन 5 ची रचना करणारे मार्क सर्नी यांनी मार्च 2020 मध्ये नव्या यंत्राचं उद्दिष्ट सांगितलं ते असं: 2 गिगाबाइट, 0.27 सेकंदात. म्हणजे जवळजवळ दीडशे पट वेग. खेळणाऱ्याला तो लगेच कळतो, कारण दोन प्रसंगांच्या मधली ती कंटाळवाणी प्रतीक्षा जवळपास संपली.

पण मोठ्या आकड्यांनी दिपून जाण्याआधी त्या 1 मिलिमीटरवर थोडं थांबायला हवं, कारण खरी करामत तिथे आहे. अस्सल निन्टेन्डो आपल्याकडे क्वचितच कुणी पाहिलं. आपल्याकडे ते आलं दुसऱ्या नावांनी किंवा नकलांच्या रूपात: सामुराई, लिटल मास्टर आणि पुढे बिननावाची असंख्य यंत्रं. कोकणात ती बहुतेक मे महिन्याच्या सुट्टीत चाकरमान्यांच्या पोरांच्या बॅगेतून यायची. टीव्हीला वायर जोडायची, चॅनल लावायचं, कॅसेट आत दाबायची. चित्र आलं नाही तर कॅसेट काढून फुंकर मारायची. कॅसेटवर ‘9999 इन 1’ असा आकडा छापलेला असे आणि आत मोजके खेळ पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी भरलेले असत. पण त्या मोजक्यांत मारिओ असे, आणि कॉन्ट्रा असे, आणि तेवढ्यावर सुट्टी सरत असे.

1985 सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ 40 किलोबाइटचा होता. 8 जगं, 32 टप्पे, संगीत, शत्रू, गुप्त वाटा, सगळं त्यात. आजच्या एखाद्या मोठ्या खेळाला 100 गिगाबाइट जागा लागते. तेवढ्यात 25 लाख मारिओ मावतील. 40 किलोबाइटमध्ये खेळ बसवायचा तर काटकसर कशी करावी लागते ते मारिओच्या आकाशात दिसतं. वर तरंगणारा पांढरा ढग आणि खाली उगवलेलं हिरवं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. पडदा 8 बाय 8 ठिपक्यांच्या फरश्यांनी मांडलेला. हलत्या आकृत्या एका वेळी 64, आणि एका आडव्या रेषेत 8 पेक्षा जास्त चालत नसत. कॉन्ट्रा खेळताना गोळ्या आणि शत्रू एका रांगेत फार झाले की काही आकृत्या लुकलुकायला लागायच्या, ते यामुळेच. आम्हाला तेव्हा वाटे की कॅसेट खराब आहे. खेळाचा प्रोग्राम खरं तर यंत्राची आठाची मर्यादा सांभाळत कुणाला या क्षणी दाखवायचं आणि कुणाला पुढच्या क्षणी, याची पाळी लावत होतं.

आता या लेखातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा हिशेब. तो मेमरीचा नाही, मेहनतीचा आहे.

फॅमिकॉमचं चित्र 256 बाय 240 ठिपक्यांचं, म्हणजे 61,440 ठिपके. आजचा 4के पडदा 3,840 बाय 2,160, म्हणजे 82,94,400 ठिपके. भागाकार केला तर उत्तर बरोबर 135 येतं. मेमरी 84 लाख पट वाढली आणि ठिपके फक्त 135 पट. मग उरलेली ताकद गेली कुठे?

फॅमिकॉमच्या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला सुमारे 17 लाख 90 हजार टोले देई. चित्र सेकंदाला 60 वेळा बदले. म्हणजे एका चित्रासाठी जेमतेम 29,800 टोले. एका सूचनेला 2 ते 7 टोले लागत, तेव्हा एका चित्रापुरत्या आठ-दहा हजार सूचना. मारिओची उडी, कासवांची चाल, धडक झाली की नाही, गुण, उरलेला वेळ, वाजणारं संगीत, सगळं त्या आठ-दहा हजारांत. (चित्र प्रत्यक्ष रंगवायचं काम वेगळी चिप करायची, म्हणून हे जमलं.) या प्रोसेसरला गुणाकाराची सूचनाच नव्हती. बेरीज आणि वजाबाकी, तीही 8 बिटांची. गुणाकार हवा असेल तर बेरजा करत बसायचं.

प्लेस्टेशन 5 चा चित्रप्रोसेसर सेकंदाला जास्तीत जास्त 10.28 लाख कोटी दशांश गणितं करतो. 4के चित्र सेकंदाला 60 वेळा काढायचं म्हणजे सेकंदाला 49 कोटी 77 लाख ठिपके रंगवायचे. भागाकार करा: दर ठिपक्याला, दर वेळी, वीस हजारांहून अधिक गणितं. सेकंदाच्या साठाव्या भागात पूर्ण मारिओ चालवायला जेवढ्या सूचना मिळत, त्याच्या दुप्पट गणितं आज त्याच वेळात पडद्यावरच्या एका ठिपक्याच्या वाट्याला येतात. त्यातही गुणाकार-बेरीज एकत्र करणारी, 32 बिटांची गणितं.

एका ठिपक्यावर एवढं करायचं तरी काय? तर प्रकाश. तो ठिपका भिंतीचा असेल तर भिंत खरखरीत की ओली, सूर्य कुठल्या बाजूला, शेजारच्या लाल कौलांचा रंग तिच्यावर किती उतरला, सावलीची कड धारदार की विरलेली, मधल्या धुक्याने किती रंग खाल्ला. नव्या यंत्रात प्रकाशाचे किरण मागे मागे शोधत जाण्याची सोय चिपमध्येच आहे, आणि ती वापरली की वीस हजारही कमी पडतात. म्हणून बरेच खेळ चित्र कमी ठिपक्यांत काढतात आणि मग मोठं करून 4के पडद्यावर पसरतात. ढग आणि झुडूप एकाच चित्रातून काढणाऱ्यांचीच ही परंपरा. यंत्र कितीही मोठं झालं तरी खेळ बनवणाऱ्याला ते अपुरंच पडतं.

या 10.28 लाख कोटींची थोरवी कळायला आपल्याच राज्यातला एक आकडा हवा. 1980 च्या दशकात भारताला अमेरिकेच्या क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. हवामानाच्या कामासाठी एक मिळाला, पण अधिक शक्तिशाली द्यायला अमेरिकेने नकार दिला. तो शस्त्रांच्या कामी येईल ही भीती. त्या पार्श्वभूमीवर 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक छोट्या प्रोसेसरांना एकत्र राबवत असे. त्याची कागदावरची कमाल क्षमता 1 गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला 100 कोटी गणितं. देशाने अभिमानाने मिरवावी अशीच ती गोष्ट होती आणि आहे.

त्यानंतर नऊ वर्षांनी आलेल्या प्लेस्टेशन 2 ची क्षमता 6.2 गिगाफ्लॉप होती. जपान सरकारने त्या वर्षी हे खेळणं परवान्याशिवाय निर्यात करता येणार नाही अशा वस्तूंमध्ये घातलं होतं, कारण चित्रांवर एवढ्या वेगाने प्रक्रिया करणारं यंत्र क्षेपणास्त्राच्या मार्गदर्शनाला वापरता येईल अशी शंका. क्रे नाकारताना जी भीती होती तीच आता पोरांच्या खेळण्याभोवती घोटाळत होती. आणि ती अगदीच निराधार नव्हती. 2010 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन 3 एकमेकांना जोडून खराखुरा महासंगणक उभा केला.

प्लेस्टेशन 5 ला परम 8000 च्या शेजारी ठेवलं तर आकडा येतो दहा हजार पट. इथे मात्र न्यायाने वागायला हवं. खेळयंत्राचा आकडा 32 बिटांच्या गणिताचा असतो. विज्ञानाला लागतं ते 64 बिटांचं, जास्त अचूक गणित, आणि त्यात या यंत्राचा वेग सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे सुमारे 0.64 टेराफ्लॉप, अर्थात 640 गिगाफ्लॉप. तरीही मूळ परमच्या 640 पट, पण 2003 च्या 1 टेराफ्लॉपच्या परम पद्मपेक्षा कमीच. आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 2024 साली सुरू झालेला अर्क हा महासंगणक 11.77 पेटाफ्लॉपचा, म्हणजे 11,770 टेराफ्लॉपचा आहे. त्याची बरोबरी करायची तर या हिशेबाने अठरा हजार प्लेस्टेशन लागतील. आपल्या किनाऱ्यावर पाऊस कधी येणार याचं गणित अशा यंत्रांवर होतं. ते खेळयंत्रावर भागणार नाही.

काही आकडे या चाळीस वर्षांत फारसे हललेच नाहीत, आणि मला ते तितकेच मोलाचे वाटतात. फॅमिकॉम जपानमध्ये 14,800 येनना मिळे, प्लेस्टेशन 5 करावगळता 49,980 येनना आलं: साडेतीन पटही नाही. भारतात ते फेब्रुवारी 2021 मध्ये 49,990 रुपयांना आलं. आपल्या घरांसाठी ही रक्कम आजही मोठी आहे. वीज मात्र वाढली. फॅमिकॉमचा अडॅप्टर साडेआठ वॉटचा, प्लेस्टेशन 5 मोठा खेळ चालवताना दोनशेच्या आसपास वॉट खातं; पाच तास खेळलं की एक युनिट. वेळही वाढला: 100 गिगाबाइटचा खेळ सेकंदाला 40 मेगाबिटच्या इंटरनेट जोडणीवर उतरवायचा तर साडेपाच तास लागतात, तेही पावसाळ्यात मध्येच लाइट गेली नाही तर. त्याच जोडणीवर 1985 चा मारिओ सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात येईल.

आणि सेकंदाला 60 चित्रं तेव्हाही होती, आजही बऱ्याच खेळांचं लक्ष्य 60 च असतं. आणि आपला स्वतःचा वेगही तेवढाच राहिला आहे. पडद्यावर शत्रू दिसल्यापासून अंगठा हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणजे 12 चित्रं. तेवढ्या अवधीत फॅमिकॉम लाखभर सूचना पार पाडायचं. तेवढ्याच अवधीत प्लेस्टेशन 5 जवळजवळ 10 कोटी ठिपके रंगवतं आणि 2 लाख कोटी गणितं संपवतं. मग अंगठा हलतो.