गाडीवरचे सैन्य आणि गाडीतला सैनिक

स्टॉक कार म्हणजे मूळ अर्थाने विक्रेत्याच्या आवारात उभी असलेली, कोणालाही विकत घेता येईल अशी साधी बंदिस्त मोटार. अशा मोटारींच्या शर्यती अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत दुसऱ्या महायुद्धापूर्वीच लोकप्रिय झाल्या होत्या. परंतु त्यांना ठाम नियम, गुणपद्धती आणि सर्वमान्य विजेता मिळाला तो नॅसकार या संस्थेमुळे, जिची आखणी डिसेंबर १९४७ मध्ये फ्लॉरिडातील डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात झालेल्या बैठकीत झाली आणि जिची रीतसर नोंदणी फेब्रुवारी १९४८ मध्ये झाली. आज या शर्यतींतील गाडीचे बाह्यरूपच तेवढे बाजारातील गाडीशी जुळते. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, आठ सिलिंडरचे ५.८६ लिटर क्षमतेचे इंजिन आणि एकच आसन असते. बहुतेक शर्यती लंबवर्तुळाकार धावपट्टीवर होतात आणि त्यांत गाड्या डावीकडेच वळत राहतात, हे ऐकून हा खेळ सोपा वाटण्याचा संभव असतो. तथापि डेटोनाच्या धावपट्टीची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत, गाडीच्या आतील तापमान ५० अंश सेल्सियसच्या आसपास जाते, आणि ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या चाळीसएक गाड्यांमध्ये हातभराचेही अंतर उरत नाही.

या खेळाचे आणि अमेरिकी सैन्याचे नाते फार जवळचे मानले जाते. शर्यतीपूर्वी राष्ट्रगीत होते, लढाऊ विमाने माथ्यावरून जातात, आणि मे महिन्याच्या अखेरीस शार्लट येथे होणाऱ्या सहाशे मैलांच्या शर्यतीत गाड्यांच्या पुढील काचेवर चालकाच्या नावाच्या जागी युद्धात मरण पावलेल्या सैनिकांची नावे लावली जातात. मात्र या समारंभांवरून एक निष्कर्ष सहज निघतो, तो तपासून पाहण्यासारखा आहे: सैन्यावर एवढे प्रेम करणाऱ्या खेळात प्रत्यक्ष सैनिकाला चालक म्हणून जागा मिळणे सोपे असले पाहिजे. इतिहास आणि व्यवहार दोन्ही त्याच्या उलट साक्ष देतात.

आरंभीच्या पिढीत सैनिक पुष्कळ होते, कारण त्या पिढीतील बहुतेक धडधाकट पुरुष सैनिकच होते. इंधन आणि रबर वाचवण्यासाठी अमेरिकी सरकारने १९४२ च्या जुलैअखेर मोटार शर्यतींवर बंदी घातली. नॅसकारचे संस्थापक बिल फ्रान्स त्या काळात डेटोना बीचच्या नौका कारखान्यात पाणबुडीविरोधी नौका बांधण्याच्या कामावर होते. त्यांच्या भावी स्पर्धेचा पहिला विजेता रेड बायरन त्याच सुमारास अलास्काच्या टोकाकडील अल्यूशियन बेटांवर बी-२४ जातीच्या बॉम्बफेकी विमानात अभियंता म्हणून उड्डाणे करत होता. तेथे त्याच्या डाव्या पायाला इतकी गंभीर इजा झाली की दीर्घकाळ रुग्णालयात काढूनही तो पाय पूर्ववत झाला नाही. युद्ध संपल्यावर शर्यतींकडे परतताना त्याने क्लचच्या पायपट्टीवर पाय टिकवून धरणारी पोलादी रिकीब बसवून घेतली. गाडी पुरवणारे अटलांटाचे रेमंड पार्क्स हेही युद्धात आर्देनच्या हिवाळी लढाईतून परतलेले, युद्धापूर्वी बेकायदा दारूच्या धंद्यातून पैसा केलेले गृहस्थ होते. गाडी सिद्ध करणारा कारागीर रेड व्होग्ट हा त्या काळातील सर्वांत नावाजलेला इंजिनतज्ज्ञ होता. या तिघांच्या जुळणीतून बायरनने १५ फेब्रुवारी १९४८ रोजी डेटोनाच्या वाळूवर झालेली नॅसकारची पहिली शर्यत जिंकली, त्याच वर्षीचे अजिंक्यपद मिळवले, आणि १९४९ मध्ये नव्या कोऱ्या मोटारींसाठी सुरू झालेल्या, आजच्या कप मालिकेची जननी असलेल्या आठ शर्यतींच्या मालिकेतही तोच अव्वल ठरला. प्रकृती खालावल्याने त्याची कारकीर्द १९५१ मध्ये थांबली आणि १९६० मध्ये त्याचा मृत्यू झाला.

बड मूर यांची कथा गाडीच्या आतली नाही, गाडीमागची आहे. दक्षिण कॅरोलायनातील स्पार्टनबर्गचा हा तरुण अठराव्या वर्षी सक्तीच्या भरतीत सैन्यात गेला, ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या युटा किनाऱ्यावर उतरला आणि मशीनगन चालवत जर्मनीपर्यंत पोहोचला. जखमी सैनिकास दिले जाणारे पर्पल हार्ट हे पदक त्यांना पाच वेळा मिळाले. युद्धानंतर त्यांनी गाड्या बांधायला घेतल्या. त्यांच्या संघासाठी जो वेदरलीने १९६२ आणि १९६३ अशी सलग दोन वर्षे अजिंक्यपद जिंकले, १९७८ मध्ये बॉबी ॲलिसनने डेटोना ५०० ही सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत जिंकली, आणि डेल अर्नहार्टसारखा चालकही काही काळ त्यांच्या गाडीत बसला. मूर २०१७ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले.

बायरन आणि मूर यांची उदाहरणे सैनिकी परंपरेचा पुरावा म्हणून वारंवार दिली जातात, परंतु त्यांच्या आयुष्यात सेवा आणि शर्यत यांचा तोल सांभाळण्याचा प्रश्नच उद्भवला नव्हता, ही गोष्ट त्या कौतुकात हरवते. त्यांच्यासाठी युद्ध आधी होते आणि शर्यत नंतर. युद्धाच्या काळात शर्यती बंद असल्याने कोणाचाही प्रतिस्पर्धी पुढे निघून गेला नाही. खरा प्रश्न उभा राहिला तो पुढे, जेव्हा १९७३ मध्ये सक्तीची भरती संपून सैन्य स्वेच्छेचे आणि पूर्णवेळ व्यावसायिक झाले, आणि दुसरीकडे शर्यती फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला होऊ लागल्या. दोन्ही व्यवसाय आता संपूर्ण माणूस मागू लागले.

या कोंडीतून जी एकमेव वाट उरते ती राखीव दलाची. अमेरिकेत प्रत्यक्ष सेवेची मुदत संपलेला अधिकारी राखीव दलात जाऊ शकतो. तेथे सर्वसाधारणपणे महिन्यातील एक शनिवार-रविवार आणि वर्षातील दोन आठवडे प्रशिक्षणासाठी द्यावे लागतात, उरलेला वेळ नागरी व्यवसायाला मोकळा असतो, मात्र सरकारने बोलावल्यास महिनोन्‌महिने कर्तव्यावर जावे लागते. आपल्याकडील प्रादेशिक सेनेशी ही व्यवस्था बरीच मिळतीजुळती आहे. शिक्षक, वकील, दुकानदार यांना ती सोयीची पडते. शर्यतीच्या चालकाची पहिली अडचण मात्र इतकी साधी आहे की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही: शर्यतीही शनिवार-रविवारीच असतात. वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीने प्रशिक्षणाचे दिवस पुढेमागे करता येतात, तरी ती परवानगी हा हक्क नसतो.

दुसरी अडचण कायद्याची आहे. राखीव सैनिकास कर्तव्यावर जावे लागल्यास त्याची नोकरी राखून ठेवण्याचे बंधन १९९४ च्या एका संघीय कायद्याने मालकांवर घातले आहे. हे संरक्षण नोकरदारास मिळते. शर्यतीचा चालक बहुधा स्वतंत्र कंत्राटदार असतो, आणि त्याचे आसन त्याने आणलेल्या प्रायोजकाच्या पैशावर टिकलेले असते. त्या प्रायोजकाला सहा महिने थांबायला लावणारा कायदा नाही. तिसरी अडचण कौशल्याची. नॅसकारमध्ये चालकाला परवानगी टप्प्याटप्प्याने मिळते, आधी लहान धावपट्ट्या, मग मोठ्या आणि अखेरीस डेटोना किंवा टॅलडेगासारख्या अतिवेगवान धावपट्ट्या. आणि ज्या खेळात सराव म्हणजे मुख्यतः प्रत्यक्ष शर्यतच, त्यात हुकलेला हंगाम भरून काढता येत नाही. या खेळातील बहुतेक यशस्वी चालक दहा वर्षांचे होण्याआधी लहान गाड्यांतून शर्यती सुरू करतात, तर लष्करी अकादमीतून बाहेर पडलेला तरुण किमान पाच वर्षांची सक्रिय सेवा संपवून मोकळा होतो तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर असतो.

एवढ्या अडचणी असूनही ही वाट चालून पाहणारा सर्वपरिचित माणूस म्हणजे जेसी इवूजी. नायजेरियातून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा १९८७ साली जन्मला, टेक्सासमध्ये वाढला, अनॅपोलिस येथील नौदल अकादमीत अमेरिकी फुटबॉल खेळला आणि २०१० मध्ये पदवी घेऊन नौदलाचा अधिकारी झाला. त्याची शाखा युद्धनौकांच्या संचालनाची होती आणि तिच्यात सुरुंग शोधून नष्ट करणाऱ्या नौकेवरील सेवेचाही समावेश होता. या शाखेतील अधिकारी नौकेच्या संचालन कक्षात पाळीवर उभा असताना रडार, टेहळणी आणि यंत्रकक्ष यांच्याकडून येणाऱ्या आवाजांवर विसंबून निर्णय घेतो. स्टॉक कारच्या चालकालाही आरशांखेरीज मागचे फारसे काही दिसत नाही. प्रेक्षागाराच्या छतावर उभा असलेला स्पॉटर, म्हणजे रेडिओवरून आसपासच्या गाड्यांची जागा सांगणारा सहकारी, त्याचे डोळे होतो. दुसऱ्याच्या शब्दावर क्षणार्धात विश्वास ठेवण्याची ही सवय नौदलाने लावलेली असली तर तिचा उपयोग होत असणार, हे मान्य करता येते. पण शिस्त, धैर्य, संघभावना या गुणांमुळे सैनिक आपोआप चांगला चालक ठरतो हे प्रचारकी विधान मात्र टिकत नाही, कारण वळणावर गाडीचा मागचा भाग केव्हा सुटतो हे अंगाला कळण्यासाठी हजारो फेऱ्याच माराव्या लागतात.

इवूजीने सक्रिय सेवेत असतानाच २०१५ मध्ये नॅसकारच्या प्रादेशिक मालिकेत भाग घेतला, पुढे राखीव दलात बदली घेतली, २०१८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील ट्रक मालिकेत आणि २०२० मध्ये त्या काळी एक्सफिनिटी या प्रायोजकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या श्रेणीत त्याने पदार्पण केले. त्याची कामगिरी बहुतांशी क्रमवारीच्या तळाकडची राहिली, आणि हे लपवण्याचे कारण नाही. तुटपुंज्या पैशाच्या संघात जुनी इंजिने, कमी टायर आणि अपुरे तंत्रज्ञ मिळतात. अशा गाडीत चालकाचे खरे मोल ठरवणेच कठीण होते. अमेरिकी फुटबॉलमधील विक्रमवीर एमिट स्मिथ याच्या भागीदारीत त्याने २०२१ मध्ये स्वतःचा संघ स्थापन केला आणि पुढच्या हंगामात ३४ क्रमांकाची शेव्हरले उतरवली. त्या संघाचा एका प्रायोजकाशी पैशांवरून वाद झाला, तो न्यायालयापर्यंत गेला. नौदलाच्या राखीव दलात लेफ्टनंट कमांडर असलेल्या या अधिकाऱ्याला वेळेचा तोल बऱ्यापैकी साधला. पैशाचा साधला नाही.

आणि तरीही सैन्याकडे या खेळासाठी पैसा नव्हता असे नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भूदल, नौदल, वायुदल आणि मरीन या सर्वांची नावे शर्यतीच्या गाड्यांवर झळकली. यांपैकी सर्वांत ठळक गाडी नॅशनल गार्डची होती. नॅशनल गार्ड म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतील, नागरी व्यवसाय सांभाळून सेवा करणाऱ्या अर्धवेळ सैनिकांचे दल. त्याचे नाव २००८ ते २०१४ या काळात डेल अर्नहार्ट ज्युनियर या अत्यंत लोकप्रिय चालकाच्या ८८ क्रमांकाच्या गाडीवर होते. या खर्चातून भरती किती झाली याचा हिशेब अमेरिकी काँग्रेसमध्ये मागितला गेला, तेव्हा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली आकडेवारी बोलकी ठरली: २०१२ मध्ये या प्रायोजकत्वावर सुमारे २.६५ कोटी डॉलर खर्च झाले, त्यातून साधारण २४,८०० जणांनी चौकशी केली, पात्र ठरले २०, आणि दलात दाखल कोणीही झाला नाही. त्याच वर्षाच्या हंगामानंतर गार्डने हे प्रायोजकत्व थांबवले. अर्धवेळ सैनिकांच्या दलाने ज्या गाडीसाठी हा पैसा ओतला, तिचा चालक सैनिक नव्हता. आणि इवूजीसारख्या अर्धवेळ सैनिकाला प्रायोजक शोधत दारोदार फिरावे लागले. जाहिरातीच्या दृष्टीने यात विसंगती नाही, कारण जाहिरात पहिल्या क्रमांकाच्या गाडीवरच करायची असते. धोरण म्हणून मात्र ते आंधळे होते.

भारतातील वाचकाला हा पेच थोडा परका वाटेल, कारण येथे सैन्य खेळाडूला सेवेतच सामावून घेते. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनमध्ये राहिला आणि सैन्यातच धावपटू म्हणून घडून स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकपर्यंत गेला. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारखी संस्था याच हेतूने उभी आहे. उलट वाटेने, आधीच थोर झालेल्या सचिन तेंडुलकरला २०१० मध्ये वायुदलाने ग्रुप कॅप्टन हे मानद पद दिले. परंतु या दोन्ही वाटा मोटार शर्यतीपर्यंत जात नाहीत. धावपटूला सैन्य आहार, प्रशिक्षक आणि सुट्टी देऊ शकते. शर्यतीच्या एका हंगामाला लागणारे लाखो डॉलर कोणतीही रेजिमेंट देणार नाही, आणि द्यावेत असेही म्हणता येणार नाही. नॅसकारमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये ट्रक मालिकेत काही शर्यती खेळला, तोही सर्वस्वी खासगी वाटेने.

अमेरिकी नौदलाच्या २५० व्या वर्षाच्या निमित्ताने जून २०२६ मध्ये सॅन डिएगो येथील कोरोनाडो नौदल तळावर शर्यत घेण्याची घोषणा नॅसकारने जुलै २०२५ मध्ये केली. समारंभ म्हणून तिचे महत्त्व आहेच. परंतु सैनिकाला चालक होऊ द्यायचे असेल तर याहून कितीतरी स्वस्त उपाय हाताशी आहेत: राखीव सैनिकाला मिळणारे कायदेशीर संरक्षण स्वतंत्र कंत्राटदारांनाही लागू करावे, कर्तव्यावर गेलेल्या चालकाच्या परवान्याचा टप्पा तो परत येईपर्यंत नॅसकारने अबाधित ठेवावा, आणि सैन्याला गाडीवर नाव लावायचेच असेल तर ती गाडी आधी आपल्या माणसाला द्यावी.