'नॅनो'ची बाटली आणि आपले पोट

परवा कळंब्यात शेजारच्या वहिनी एक बाटली घेऊन आल्या. हळदीच्या अर्काचे थेंब आणि वर ठळक अक्षरांत 'नॅनो'. किंमत आठवड्याच्या बाजाराएवढी. "भावजी, इकणारा म्हणतोय साधी हळद अंगाला लागत नाही, ही थेट रक्तात जाते. घेऊ का?" असे त्यांनी विचारले. हा प्रश्न आज अनेक घरांत आहे, म्हणून थोडी माहिती.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा 100 कोटीवा भाग. आपला केस सुमारे 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो. दुधातील स्निग्धाचे थेंब साधारण 3 ते 4 हजारांचे, म्हशीच्या दुधात त्याहून थोडे मोठे. ते वर येतात म्हणून साय धरते. होमोजिनाइज्ड दुधात हेच थेंब दाबाने फोडून हजाराच्या आत आणतात. 'नॅनो' पदार्थांत ते आणखी बारीक, काहीशे नॅनोमीटरचे करतात.

पण हे काम आपले शरीर रोजच करते. तांबड्या रश्श्यावरची तर्री पाण्यात मिसळत नाही. तेलकट ताटही नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. आतड्यात साबणाचे काम यकृतातून येणारे पित्त करते. तेलाचे बारीक थेंब झाले की स्वादुपिंडाचा रस त्यांचे तुकडे करतो. हे तुकडे पित्ताबरोबर अवघ्या काही नॅनोमीटरच्या पुंजक्यांतून आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतात. अस्तराच्या पेशी त्यांची पुन्हा चरबी जुळवतात, प्रथिनाचे वेष्टन घालतात आणि लसिकावाहिन्यांतून रक्तात पाठवतात. इटलीचे वैद्य आसेल्ली यांनी 1622 साली नुकत्याच खाल्लेल्या कुत्र्याच्या पोटात दुधासारख्या पांढऱ्या नळ्या पाहिल्या, त्या याच.

म्हणजे बाटलीतला तेलाचा नॅनोकणही बहुतांशी याच वाटेने पचतो. तो बारीक असल्याने लवकर फुटतो, एवढेच. मग विक्रेता खोटे बोलतो का? पूर्ण नाही. हळदीतला कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि एरवी फार थोडा शोषला जातो. नॅनोकणांतून तो जास्त शोषला जातो, हे खरे. पण जास्त शोषला म्हणजे जास्त गुण आला, असे नव्हे. इटलीत 2019 साली हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याचे आढळले आणि पुढे तिथे अशा गोळ्यांवर इशारा छापणे सक्तीचे झाले. फोडणीतल्या चिमूटभर हळदीची गोष्ट वेगळी, अर्काची वेगळी.

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धाबरोबरच शोषली जातात. त्यासाठी महाग बाटली नको. पालेभाजीला चमचाभर तेलाची फोडणी पुरते. तेलाच्या किंवा दुधाच्या पिशवीवर निळे '+एफ' चिन्ह असेल, तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व वरून घातलेले असते. त्याचे नियम 2018 साली झाले.

ज्यांना यकृताचा किंवा पित्ताशयाचा आजार आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आणि गरोदर भगिनींनी असे अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

वहिनींनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "म्हंजे कारखाना पोटातच हाय की!" बाटली त्यांनी परत केली. त्या पैशांची अंडी आणि डाळ आली.