दादासाहेब गायकवाड : पदांच्या यादीबाहेर

दादासाहेब गायकवाडांविषयी लिहा म्हटले की आमची नाशिकची मुले पदे मोजतात : १९३७ ते १९४६ मुंबई प्रांताच्या विधानसभेत, १९५७ ला नाशिकमधून लोकसभेत, १९६२ ते १९६८ राज्यसभेत. यादी बरोबर आहे, माणूस मात्र तिच्यात सापडत नाही.

दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी १९०२ साली जन्मलेले भाऊराव कृष्णाजी गायकवाड विधानसभेत पोचले ते काळाराम मंदिराच्या बंद दारावरून. २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या त्या सत्याग्रहाचे ते चिटणीस. दार उघडले नाही. १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि देवळाचा प्रश्न आपल्यापुरता संपला. जमिनीचा उरला.

तो नीट समजून घेऊ. महार वतन म्हणजे सरकारची आणि गावाची पिढीजात चाकरी : निरोप पोचवा, सारा वाहून न्या, मेलेली ढोरे ओढा. बदल्यात हाडकी-हाडवळ्याचा तुकडा. वाटण्या होत होत तुकड्याचा चतकोर झाला, चाकरी अख्खीच राहिली. १९५८ च्या कायद्याने ती चाकरी गेली. पण ज्याच्याकडे पोटापुरतीही जमीन नव्हती, त्याने काय कसायचे? सरकारी पडीक जमीन गावोगाव होती. ती भूमिहीनांना द्या, म्हणून दादासाहेबांनी खासदार असतानाच १९५९ ला सत्याग्रह उभारला. डिसेंबर १९६४ मध्ये तो देशभर पेटला, लाखो माणसे तुरुंगात गेली. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, हीही त्यावेळची एक मागणी. ती १९९० ला पुरी झाली. चित्र लावायला जमीन वाटावी लागत नाही!

विरोध रिपब्लिकन पक्षातूनही झाला. बी. सी. कांबळे यांच्या 'दुरुस्त' गटाचा आक्षेप असा की हा मार्ग घटनेचा नव्हे, कम्युनिस्टांचा आहे. आम्हा पदवीधरांना हा आक्षेप पटकन पटतो. त्यात तुरुंगात जावे लागत नाही.

मात्र १९६७ च्या सुमारास दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला, त्याचे समर्थन मी करणार नाही. सत्तेत वाटा मिळाला तर खेड्यातल्या माणसाला संरक्षण मिळेल, हा त्यामागचा हिशेब मला कळतो. पण हातात आल्या त्या मोजक्या जागा, आणि मागच्या फळीला दुसऱ्याच्या ओसरीवर ताटकळण्याची सवय लागली. २९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गेले. पाचच महिन्यांनी दलित पँथर उभी राहिली, आणि तिच्या पोरांचा पहिला राग याच ओसरीवर बसलेल्या पुढाऱ्यांवर होता.