कुजणारे प्लास्टिक, मागे उरणाऱ्या नळ्या

मका किंवा उसाच्या साखरेपासून बनणारे पीएलए हे विघटनशील प्लास्टिक एरवी वीज वाहून नेत नाही. त्यात अगदी थोड्या कार्बन नॅनोनळ्या नीट मिसळल्या, की त्या एकमेकींना टेकून विजेला सलग वाट करून देतात आणि प्लास्टिकला बळकटीही येते. त्यामुळे ओलावा मोजणाऱ्या सेन्सरसाठी हे साहित्य आकर्षक ठरते. परभणीच्या काळ्या, पावसात फुगणाऱ्या आणि उन्हात भेगाळणाऱ्या कापूस-सोयाबीनच्या रानात असा सेन्सर हंगामानंतर तसाच सोडून द्यावा, असे कुणालाही वाटेल. पण तसे करू नये.

पीएलए झपाट्याने कुजायला सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमान आणि ओलावा लागतो; तो मेळ औद्योगिक कंपोस्टमध्ये जमतो, रानात नाही. शिवाय प्लास्टिक कुजले तरी नळ्या मागे उरतात. ‘कार्बन तर मातीतही असतोच’ हा आक्षेप टिकत नाही, कारण इथे कार्बनचा सुईसारखा आकार महत्त्वाचा आहे. अशाच एका प्रकारच्या बहुभित्ती (एकात एक अनेक थर असलेल्या) नळ्यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये संभाव्य कर्करोगकारक ठरवले. प्रमाण अल्प असते हे खरे, पण ते दर हंगामाला साठत जाते. म्हणून हे साहित्य जरूर वापरावे. मात्र वापरलेले सेन्सर परत गोळा करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर हवी, आणि शेतकऱ्यांनी ती खरेदीच्या वेळीच लिहून घ्यावी.