भरती करण्याआधी भिंतीवरचं सर्टिफिकेट बघा

पालकसभा संपली की एखादी अम्मी मागे थांबते. हळूच विचारते, "सर, मोठ्याची तबियत बिघडलीय, रात्र-रात्र झोपत नाही, एकटाच बोलतो. लोक एका केंद्राचं नाव सांगतात. ठेवू का तिथं?" कोणतं केंद्र चांगलं, हे आम्ही शिक्षक सांगू शकत नाही. पण तपासायचं कसं, ते सांगू शकतो.

६ ऑगस्ट २००१ ची पहाट आठवा. तामिळनाडूत एरवाडी इथं, दर्ग्याजवळच्या एका खासगी मनोरुग्ण निवासाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, पळणार कसे? २८ जीव गेले. अनेकांना घरच्यांनीच शिफा मिळेल या आशेनं तिथं ठेवलं होतं.

आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आहे. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार मानसिक रुग्णांना भरती करून ठेवणाऱ्या केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. खासगी असो, ट्रस्टचं असो, युनानी असो की आयुर्वेदिक, सुटका नाही. राज्यातल्या केंद्रांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण करतं. सुरुवातीची तात्पुरती नोंदणी १२ महिन्यांची असते. पुढे दर तीन वर्षांनी तपासणी होते, तक्रार आली तर चौकशीही होते. विनानोंदणी केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे. एनएबीएचची मान्यता ही वेगळी गोष्ट, ती ऐच्छिक असते. ती नोंदणीची जागा घेत नाही.

मग केंद्रात गेल्यावर काय बघायचं?

• नोंदणीचं सर्टिफिकेट दिसेल अशा ठिकाणी लावलंय का? त्याची मुदत वाचा.
• मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर लावलाय का? तक्रार तिथं करता येते.
• कुणाला साखळीनं बांधलेलं दिसतं का? कायद्यानं ते पूर्ण बंद आहे. दिसलं तर पेशंटला घेऊन परत फिरा.

सर्टिफिकेट आहे म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. भेटायला जात राहा, पेशंटशी एकट्यानं बोला.

दुआ जरूर करा, पण इलाज थांबवू नका. कुठं जायचं कळत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. सेवा मोफत आहे, २४ तास. आणि सर्टिफिकेट मागताना लाजू नका. आपलं माणूस आपण त्यांच्या हवाली करतोय, विचारण्याचा हक आपला आहे.