परसबागेत काम करताना कंबर सांभाळा!



गुढीपाडव्याच्या आसपास आपल्या भोंगवली परिसरात परसबागेत भेंडी, गवार, काकडी, दोडका लावायची गडबड असते. पण पाऊस जाऊन पाच महिने झालेले असतात. जमीन कडक, त्यात पाणी बादलीने वाहायचे. मग दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच तक्रार, "कंबर धरली!" आपली सुट्टी असते, पण ज्यांचं पोट हातावर आहे त्यांना उसण भरली की मजुरी बुडते. म्हणून हे नीट समजून घेऊया.

कंबर का दुखते?

विज्ञानात आपण तरफ शिकतो: भार, टेकू आणि बल. आपली कंबरही एक तरफच आहे. मणका हा टेकू, हातातलं ओझं हा भार आणि पाठीचे स्नायू लावतात ते बल.

समजा, १० लिटर पाण्याची बादली मणक्यापासून ४० सेंमी पुढे धरली. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, म्हणून भार १० किलो. पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मागे साधारण ५ सेंमीवरच असतात. आता गणित करा:

१० × ४० = ४००
४०० ÷ ५ = ८०

म्हणजे १० किलोच्या बादलीसाठी स्नायूंना ८० किलोइतका जोर लावावा लागतो! तीच बादली अंगाजवळ, २० सेंमीवर आणली तर ४० किलो. बादली तीच, ताण निम्मा. वाकल्यावर आपल्या धडाचं वजन पडतं, ते तर यात धरलेलंच नाही.

मग काय करायचे?

• ओझं उचलताना गुडघ्यात वाका, ते अंगाशी धरा आणि पायांच्या जोरावर उठा.
• एक गच्च भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन्ही हातांत अर्ध्या-अर्ध्या बादल्या न्या.
• ओझं हातात असताना कंबरेत पिळू नका, पाय वळवून फिरा.
• आदल्या संध्याकाळी वाफ्याला पाणी द्या. माती मऊ झाली की कुदळीचे घाव कमी लागतात.
• खुरपताना दर १५-२० मिनिटांनी उठा, हात आळीपाळीने बदला. दुखायची वाट बघू नका.
• काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. पाणी पीत राहा.

दगड उचलण्याआधी

दगड, विटा, पालापाचोळा यांखाली विंचू असतो. आधी काठीने हलवा, मगच हात घाला. पायात बूट हवेतच. वरंधा घाट उतरला की महाड लागते. तिथल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर गुणकारी असल्याचे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून विंचू किंवा साप चावला तर मंत्र-तंत्र नको, चिरा देणं नको, दोरी आवळणं नको. लगेच १०८ ला फोन करा किंवा दवाखाना गाठा. खुरपं लागलं तर जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

तुमच्यासाठी उपक्रम

घरातली घागर, घमेलं आणि पाटी भरून प्रत्येकाचं वजन करा. वरच्या गणिताने ४० आणि २० सेंमीवरचा ताण काढा. ते आकडे आई-बाबांना, आजी-आजोबांना दाखवा. वर्षानुवर्षे वाकून काम करणाऱ्यांना याचा उपयोग तुमच्यापेक्षाही जास्त आहे.