गौताळा अभयारण्यातील पायी भ्रमंती

गौताळा औट्रमघाट अभयारण्य हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड आणि जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव या तालुक्यांच्या सीमेवर, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेत पसरलेले संरक्षित वनक्षेत्र आहे. १९८६ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ २६०.६१ चौ. किमी आहे. तलाव, पावसाळी धबधबे, लेणी आणि जुने किल्ले एकाच परिसरात असल्यामुळे जुलै ते ऑक्टोबर या काळात येथे पायी फिरणाऱ्यांची संख्या वाढते. ताडोबा किंवा चांदोलीप्रमाणे हे राष्ट्रीय उद्यान नसले, तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ येथेही लागू आहे. त्यामुळे प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी आवश्यक असते.

पाणलोट आणि मार्गाची आखणी

या अभयारण्यातील पायी मार्ग ठरवताना अंतरापेक्षा पाण्याची दिशा अधिक महत्त्वाची ठरते. ही डोंगररांग गोदावरी आणि तापी या दोन खोऱ्यांतील जलविभाजक आहे. कन्नडकडील पठारावर उगम पावणारी शिवना नदी दक्षिणेस गोदावरीला मिळते, तर उत्तरेच्या दऱ्यांतून उतरणारी डोंगरी नदी तितूर व गिरणा यांच्यामार्गे तापीला जाते. दक्षिणेची बाजू संथ उताराची असून तेथे पाणी साठते. उत्तरेची बाजू तुटलेल्या कड्यांची असून तेथे पाणी कोसळते. म्हणूनच तलाव पठारावर आणि मोठे धबधबे खानदेशाच्या अंगाला अशी येथील वाटणी आहे. कन्नड व चाळीसगाव यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. तलाव आणि पायथ्याचे धबधबे एकाच दिवसात पाहायचे ठरवले, तर ही संपूर्ण उंची एकदा उतरावी आणि, वाहन पायथ्याशी नसल्यास, पुन्हा चढावी लागते. नकाशावर ही ठिकाणे जवळजवळ दिसत असल्याने अनेकांचा अंदाज येथेच चुकतो.

काळवत्री खडकाचे थर हे या धबधब्यांचे कारण आहे. लाव्हाच्या कठीण थरांमध्ये मऊ, सच्छिद्र थर आहेत. मऊ थर झिजून वरचा कठीण थर पुढे आलेला राहतो आणि पायऱ्यांसारखे कडे तयार होतात. शुष्क पानझडी वनाच्या या प्रदेशात ओढे बारमाही नसल्यामुळे हिवाळ्यात बहुतेक धबधब्यांच्या जागी केवळ ओला कडा उरतो.

पठारावरील मार्ग

कन्नडहून नागदकडे उतरणारा रस्ता अभयारण्यातून जातो. गौताळा तलाव, चंदन नाला आणि सीताखोरे ही या बाजूची मुख्य ठिकाणे होत. लोकपरंपरा गौताळा हे नाव गौतम ऋषींशी जोडते. त्यांच्या नावाची गुहाही या परिसरात दाखवली जाते. चढ-उतार कमी असल्याने विद्यार्थ्यांच्या गटांना आणि वयस्कांना हा भाग सोयीचा आहे.

पायथ्याकडील मार्ग

उत्तरेला पाटणा येथील चंडिकादेवीचे मंदिर, म्हणजेच पाटणादेवी, हा चालण्याचा आरंभबिंदू मानला जातो. येथून धवलतीर्थ व केदारकुंड या धबधब्यांकडे वाटा जातात. कण्हेरगड किल्लाही याच परिसरात आहे. पाटणा येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रसिद्धीस आणलेला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद त्यात आहे. धबधब्याच्या ओढीने येणारे बहुतेक जण या गोष्टीपासून अनभिज्ञ राहतात, हे खेदजनक आहे.

पितळखोरे

पितळखोऱ्याची बौद्ध लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासूनची असून देशातील प्राचीनतम शैलगृहांत त्यांची गणना होते. येथे सापडलेली, हातावर कण्हदास सोनाराचे नाव कोरलेली यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लेण्यांचा दर्शनी भाग पाणी आणि ठिसूळ खडक यांमुळे मोठ्या प्रमाणात ढासळला आहे. पावसाळ्यात लेण्यांजवळच धबधबा वाहतो व पायऱ्या निसरड्या होतात. पठारावरून पायऱ्यांनी उतरणे हा येथे येण्याचा सोपा मार्ग होय. कड्यांवर आग्या मोहोळे असू शकतात. म्हणून धूर, उग्र अत्तरे आणि आरडाओरडा टाळावा लागतो.

वेळेचा हिशेब

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: ५ किमी अंतरास १ तास आणि ६०० मीटर चढाईस आणखी १ तास. त्यानुसार ३०० मीटर चढ असलेल्या १२ किमीच्या फेरीला सुमारे ३ तास लागतील. परंतु हा हिशेब सराईत चालणाऱ्यांचा आहे. ओले गवत, शेवाळलेले दगड आणि शाळकरी मुलांचा गट असेल, तर दुप्पट म्हणजे ६ तास धरणे सुरक्षित. उत्तराभिमुख दऱ्यांत ऊन लवकर ओसरते. सप्टेंबरअखेर सूर्यास्त साडेसहाच्या आत होतो. त्यामुळे दुपारी दोननंतर दरीत उतरू नये.

क्रोएशियातील प्लिटविसे तलाव राष्ट्रीय उद्यानात १६ तलावांमधून फळ्यांच्या वाटा बांधलेल्या असून मार्गांना अक्षरे दिलेली आहेत. गौताळ्यात तशी व्यवस्था नाही. स्थानिक वाटाड्या सोबत असणे हाच येथील दिशादर्शक फलक.

पूर, दरडी आणि वन्यप्राणी

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री डोंगरमाथ्यावर झालेल्या अतिवृष्टीमुळे कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली आणि डोंगरी व तितूर नद्यांच्या पुराने चाळीसगाव परिसराची मोठी हानी झाली. पायथ्याशी उघडीप असली, तरी पठारावर पाऊस चालू असू शकतो आणि त्याचे पाणी काही काळाने खाली पोहोचते. ओढ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, त्यातून काटक्या-पाने वाहू लागणे किंवा त्याचा आवाज वाढणे ही पुराची पूर्वसूचना असते. अशा वेळी ओढा ओलांडण्याचा मोह टाळून उंचावर थांबणे हाच उपाय आहे. ओढ्याच्या पलीकडे जाऊन परतीचा मार्ग बंद होणे, हा येथील सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून शक्यतो ज्या तीरावर वाहन उभे आहे त्याच तीरावरचा मार्ग निवडावा.

बिबट्या, अस्वल, नीलगाय व भेकर हे येथील प्रमुख प्राणी आहेत. २०२१ मध्ये कॅमेऱ्यात वाघाचेही छायाचित्र मिळाले. उन्हाळ्यात पाणी मोजक्या पाणवठ्यांवरच उरते व प्राणी तेथे एकवटतात. त्या काळात तलावाकाठी रेंगाळणे उचित नाही. प्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे यांस कायद्याने बंदी आहे.

पोहोचण्याचे मार्ग

छत्रपती संभाजीनगरहून कन्नड सुमारे ६० किमी आहे. जालना रस्त्यावरील करमाड व त्या बाजूच्या गावांतून येणाऱ्यांना शहरमार्गे कन्नड गाठणे सोयीचे असून त्यांनी पठारावरील मार्ग निवडावा. करमाड मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर असल्याने मनमाडला गाडी बदलून चाळीसगावलाही जाता येते. तेथून पाटणादेवी सुमारे १८ किमी आहे. मात्र या प्रवासात बराच वेळ जात असल्याने चाळीसगावला आदल्या रात्री मुक्काम करणे श्रेयस्कर. कन्नड-चाळीसगाव हा घाटरस्ता राष्ट्रीय महामार्ग ५२ चा भाग असून वाहतुकीमुळे तो पायी चालण्यास योग्य नाही.